नाळेवर (बोटीच्या पुढच्या टोकावर) ट्रोलिंग मोटर कशी बसवावी, म्हणजे बोट पाण्यात उतरवताना ती आपटणार नाही?

पाणथळ_इंदूर

सर्वांना नमस्कार. आमच्याकडे १४ फूट लांबीची, सपाट तळाची अ‍ॅल्युमिनिअमची बोट असून तिच्या मागच्या बाजूला लहान आउटबोर्ड इंजिन आहे. आम्ही काही पक्षीमित्र हिवाळ्यात ती ट्रेलरवर घालून इंदूरहून नर्मदेवरील इंदिरा सागर धरणाच्या फुगवट्यात (धरणामागे साठलेल्या पाण्यात) नेतो. परवानग्यांची व नोंदणीची कामे पूर्ण झालेली आहेत. आउटबोर्डच्या आवाजाने बदकांचे थवे आम्ही जवळ पोहोचण्याच्या कितीतरी आधी उठून जातात, म्हणून शेवटचे अंतर शांतपणे कापता यावे यासाठी १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारी, ५५ पौंड रेट्याची ट्रोलिंग मोटर घेतली आहे. पुढे बसवलेली मोटर बोटीला ओढून नेते आणि वाऱ्यातही दिशा चांगली राखते, त्यामुळे ती नाळेवरच बसवायची हे आमचे ठरलेले आहे.

अडचण पुढीलप्रमाणे आहे. मोटर आडवी करून बैठकीवर ठेवली की तिचा पाण्यात बुडणारा भाग, म्हणजे पंखा आणि त्याला जोडलेले नळकांडे, नाळेच्या टोकापुढे सुमारे एक वीत बाहेर येतो आणि नेमक्या त्याच जागी खाली ट्रेलरच्या विंचचा (बोट ओढून घेणाऱ्या चरखीचा) खांब उभा आहे. मोटर नुसती जागेवर धरून पाहिली तेव्हा तिच्यात आणि विंचच्या माथ्यात सुमारे ७ सेंटिमीटर अंतर राहिले. अंगणात एवढे अंतर पुरेसे दिसते. परंतु फुगवट्याच्या काठी काँक्रीटचा उतार नसतो, काळ्या मातीवरून किंवा मुरमावरून ट्रेलर मागे घ्यावा लागतो, आणि बोट ट्रेलरवरून सुटण्याच्या क्षणी नाळ नेमकी कशी हलेल याचा अंदाज मला करता येत नाही. शिवाय खांबाच्या उजव्या बाजूला विंचचे हँडल बाहेर आलेले आहे.

बैठक आणखी मागे सरकवावी, तिरकी बसवावी, तिच्याखाली ठोकळा देऊन ती उंच करावी, की मोटर काढता येईल अशी सुटी प्लेट बसवावी? बोटीच्या पत्र्याला छिद्रे एकदाच पाडायची असल्याने, आधी अनुभवी सभासदांचे मत घ्यावे असे वाटले.

सांवेर_रोड_कार्यशाळा

आपण मोजलेले ७ सेंटिमीटर अंतर सपाट जमिनीवरचे आहे आणि उतारावर ते टिकत नाही, हे सर्वांत आधी ध्यानात घ्यावे.

ट्रेलर उताराने पाण्यात शिरतो तेव्हा बोटीचा मागचा भाग आधी तरंगू लागतो, कारण तिकडे पाणी जास्त खोल असते. मागचा भाग वर उचलला जातो, पण पुढचा भाग अजून ट्रेलरच्या लांबट फळ्यांवर टेकलेलाच असतो. म्हणजे बोट त्या फळ्यांच्या पुढच्या टोकांवर टेकून फिरते, आणि त्या टेकूच्या पुढे जे काही असेल ते ट्रेलरच्या मानाने खाली जाते. आपली मोटर त्याच भागात आहे. उतार सातास एक असेल, तर तो सुमारे ८ अंशांचा होतो. टेकूपासून मोटरचे टोक १ मीटर पुढे असेल, तर बोट पूर्ण समतल तरंगेपर्यंत ते टोक जवळपास १४ सेंटिमीटर खाली येते. आपले ७ सेंटिमीटर निम्म्या वाटेतच संपले. याच्या जोडीला आणखी एक गोष्ट घडते व ती सहसा कोणी हिशेबात धरत नाही: टेकूपेक्षा वर असलेला प्रत्येक बिंदू त्याच वेळी पुढेही सरकतो. मोटर टेकूपेक्षा ६० सेंटिमीटर उंच असेल, तर ती सुमारे ८ सेंटिमीटर पुढे, म्हणजे खांबाच्या दिशेने जाते. बोट परत ट्रेलरवर घेताना हाच प्रकार उलट क्रमाने होतो: नाळ खाली झुकलेल्या स्थितीत खांबाजवळ येते, आणि त्या वेळी इंजिनाचा जोर लावलेला असेल तर मोटर थेट विंचवर आदळते.

म्हणून छिद्रे पाडण्यापूर्वी घरीच ही स्थिती निर्माण करून पाहावी. मोटरच्या पुढच्या भागाच्या मापाचा एक लाकडी नमुना करून तो ठरवलेल्या जागी शिकंज्याने धरावा. ट्रेलर गाडीला जोडलेला ठेवून त्याच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अटकाव लावावेत, आउटबोर्ड आणि बॅटरी उतरवून बोट हलकी करावी, विंचचा पट्टा किंचित सैल करावा, आणि बोटीची मागची बाजू चेन पुलीने सावकाश उचलावी. आपल्या बोटीत टेकूपासून मागच्या फळीपर्यंत साधारण सव्वातीन मीटर अंतर असावे; ८ अंशांसाठी ती बाजू सुमारे ४५ सेंटिमीटर उचलावी लागेल. एवढी उंची साध्या जॅकवर घेणे धोक्याचे आहे, आणि बोट उचललेली असताना तिच्याखाली कोणीही जाऊ नये. प्रत्येक टप्प्यावर नमुना आणि विंच यांतील अंतर मोजत जावे. सर्वांत वाईट स्थितीत निदान ५ सेंटिमीटर मोकळे राहत असतील, तरच ती जागा स्वीकारावी.

आता आपल्या पर्यायांविषयी. बैठक मागे सरकवण्याला मर्यादा आहे, कारण मोटर पाण्यात सोडताना आणि वर घेताना तिचा खालचा भाग बोटीच्या कडेला न घासता मोकळा फिरला पाहिजे. त्यासाठी बैठकीचा पुढचा भाग कडेच्या बाहेर किती असावा हे त्या मोटरच्या पुस्तिकेत दिलेले असते व ते माप मोडू नये. ठोकळा देऊन उंची वाढवली तर खालचे अंतर वाढते, परंतु वर सांगितल्याप्रमाणे उंच बिंदू अधिक पुढे सरकतो, आणि पंख्याला खाली पाण्यात धरणाऱ्या दांड्याची लांबीही कमी पडू लागते. ५ सेंटिमीटरपर्यंतचा ठोकळा मला मान्य आहे. त्यापुढे मी जाणार नाही.

आपल्या सपाट, रुंद नाळेच्या बोटीला तिरकी बैठक सर्वांत चांगली. नाळेच्या मधोमध न बसवता ती डाव्या बाजूला घ्यावी आणि मोटरचे टोक खांबाच्या बाजूने बाहेर पडेल असे वळवावे. आपले हँडल उजवीकडे आहे आणि आउटबोर्डवर बसणारा चालकही सहसा उजवीकडे कलून बसतो, त्यामुळे डावी बाजू वजनाच्या दृष्टीनेही योग्य ठरते.

खांबाकडेही एकदा पाहावे. बहुतेक ट्रेलरवर तो यू आकाराच्या बोल्टांनी आवळलेला असतो व पुढे सरकवता येतो. मात्र खांबाबरोबर बोटही पुढे सरकली, तर तिची मागची फळी लांबट फळ्यांवर नीट टेकणार नाही आणि गाडीच्या हुकावरचा भारही वाढेल. तो भार भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या ५ ते १० टक्के असावा. म्हणून खांब पुढे न्यायचा असेल, तर नाळ टेकते तो रबरी रोलर लांब हातावर घ्यावा, म्हणजे बोट आहे तिथेच राहील. हे काम कोणतीही चांगली फॅब्रिकेशनची कार्यशाळा करून देईल.

तिघरा_ग्वाल्हेर

वरील भूमिती बिनचूक आहे. तरीही माझे मत सुट्या प्लेटच्या बाजूचे आहे, आणि त्याची कारणे उतारापुरती नाहीत.

इंदूरहून खंडवा मार्गाने जाताना भेरूघाटाची वळणे आहेत, आणि पुढे मुख्य रस्ता सोडून काठाकडे वळल्यावर कच्ची वाट. आडव्या ठेवलेल्या मोटरचे डोके आणि दांडा प्रत्येक धक्क्याला वरखाली हिसकतात आणि तो सारा ताण बैठकीच्या चार-सहा बोल्टांवर आणि त्याखालच्या पातळ पत्र्यावर येतो. मोटर काढून गाडीत गादीवर ठेवली की हा ताण उरत नाही, विंचशी टक्कर होण्याचा प्रश्नच निर्माण होत नाही, आणि वाटेत चहाला थांबल्यावर चोरीची चिंताही राहत नाही. बोट तरंगू लागल्यावर, ती काठाला समांतर धरून, मोटर प्लेटवर सरकवावी आणि खिट्टी लावावी.

दोन अटी मात्र पाळाव्यात. मोटरचे वजन वीस किलोच्या आसपास किंवा अधिक असते. हलत्या बोटीच्या नाळेवर एकट्याने वाकून ते बसवू नये, एकाने गुडघाभर पाण्यात उभे राहून बोट स्थिर धरावी आणि दुसऱ्याने मोटर बसवावी. आणि प्लेटच्या दोन भागांमध्ये सैलपणा राहता कामा नये, कारण थोडासा खेळही पंख्याच्या रेट्याने दिवसभरात वाढत जातो. प्लेट घेताना ती हाताने हलवून पाहावी. कुलपाची सोय असलेलीच घ्यावी.

विजेच्या जोडणीसाठी नाळेजवळ प्लग आणि सॉकेट लागेल. ५५ पौंडांची मोटर पूर्ण वेगात सुमारे ५० अँपिअर प्रवाह घेते. प्लग त्या क्षमतेचा असावा, घरगुती वापराचा चालणार नाही. ६० अँपिअरचा ब्रेकर बॅटरीजवळच बसवावा आणि बोट ट्रेलरवर असताना, तसेच मोटर काढता-घालताना, तो बंदच ठेवावा. चुकून बटण दाबले जाऊन पंखा फिरला, तर जवळ हात असलेल्या माणसाला गंभीर इजा होऊ शकते.

पाणथळ_इंदूर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. मागची बाजू उचलून पाहण्याची कल्पना आम्हाला सुचलीच नसती. दोन शंका उरतात. पहिली ही की, फुगवट्यातील काठ ऋतूप्रमाणे बदलतो, त्यामुळे ८ अंशांचा उतार गृहीत धरणे योग्य आहे का? दुसरी ही की, पत्रा साधारण २ मिलिमीटर जाडीचा आहे. त्यावर प्लेट आवळताना खाली काय आधार द्यावा?

निमाड_काठ

मी फुगवट्याच्या परिसरातच राहतो, म्हणून पहिल्या शंकेविषयी लिहितो.

इंदिरा सागर जलाशय पूर्ण भरतो तेव्हा त्याची पातळी समुद्रसपाटीपासून २६२.१३ मीटर असते आणि पाण्याचा विस्तार ९०० चौरस किलोमीटरांहून अधिक होतो. पावसाळ्याच्या अखेरीस पाणी या पातळीच्या जवळ असताना काठ बहुधा शेतांच्या किंवा टेकड्यांच्या उतारांना लागलेला असतो, आणि अशा ठिकाणी ८ अंश काय, त्याहून तीव्र उतारही मिळतो. नंतर वीजनिर्मिती आणि सिंचनासाठी पाणी जसजसे सोडले जाते तसतसा काठ मागे हटतो आणि उन्हाळ्याकडे जाताना जुन्या सपाट शेतजमिनी उघड्या पडतात. तिथे उतार जवळपास नसतोच. म्हणून एकच कोन गृहीत धरू नये. चाचणी १० अंशांपर्यंत करावी, म्हणजे तीव्र काठाची काळजी मिटेल.

सपाट काठावर वेगळाच धोका असतो आणि तो माझ्या दृष्टीने अधिक मोठा आहे. तिथे बोट आपोआप तरंगत नाही, ट्रेलर बराच आत न्यावा लागतो, गाडीची चाके काळ्या मातीत रुतू लागतात, आणि मग जमलेली मंडळी मदतीला धावतात. मदत करणारा माणूस हाताला जे लागेल ते धरून ढकलतो किंवा ओढतो, आणि नाळेवर पुढे आलेली मोटर हे हाताला सर्वांत सोयीचे दिसणारे हँडल असते. दांडा वाकतो, बैठकीचे बिजागर ढिले होते. बोट उतरवण्याआधी नाळेच्या कडीला एक जाड दोर बांधून ठेवावा आणि ओढायचे ते दोरानेच, हे सर्वांना आधीच स्पष्ट सांगावे. एवढ्याने निम्मे नुकसान टळते.

बोट सुटल्यानंतर ती वळवून नाळेकडूनच काठाला टेकवण्याची आपल्याकडे सवय आहे, कारण माणसांना कोरड्या पायाने उतरता येते. नाळेवर मोटर आल्यावर ही सवय सोडावी लागेल. मुरमाड काठावर लाटेने बोट पुढेमागे होते आणि पंखा दगडावर आपटतो. बोट आडवी धरावी, आणि कमरेइतके पाणी झाल्याशिवाय मोटर खाली सोडू नये. परत येतानाही उथळ पाणी लागण्याआधीच ती वर घेऊन तिची खिट्टी लागली आहे हे हाताने चाचपून पाहावे. या जलाशयाखाली २००४ साली रिकाम्या झालेल्या हरसूदसह अनेक गावांच्या जमिनी गेल्या आहेत. पाणी उतरते तेव्हा झाडांचे बुंधे, विहिरींचे कठडे आणि घरांची जोती पृष्ठभागाच्या जरा खाली दबा धरून असतात. मासेमारांची जाळीही सर्वत्र असतात; ती त्यांची उपजीविका आहे, म्हणून तरंगते डबे किंवा बाटल्या दिसल्या की मोटर वर घेऊन लांबून वळसा घालावा.

वाऱ्याचीही नोंद घ्यावी. बोट ट्रेलरवरून सुटत असताना बाजूने वारा असेल, तर मागचा भाग वळतो आणि नाळ खांबाभोवती तिरकी फिरते; अशा वेळी डावीकडे तिरक्या बसवलेल्या मोटरलाही खांब लागू शकतो. दुपारनंतर वारा वाढण्याआधी, शक्यतो सकाळीच उतरवावी, आणि मागच्या बाजूलाही एक दोर बांधून तो काठावरच्या माणसाच्या हाती द्यावा.

सांवेर_रोड_कार्यशाळा

निमाडच्या सभासदांनी हातांनी ओढण्याचा मुद्दा मांडला, तो माझ्या उत्तरात यायला हवा होता. वाऱ्याची शक्यता धरून चाचणीच्या वेळी मागची बाजू उचललेली असताना ती दोन्ही बाजूंना एक-एक वीत सरकवूनही पाहावी.

२ मिलिमीटरच्या पत्र्यावर नुसते वॉशर घालून बोल्ट आवळू नयेत. तो पत्रा लवतो आणि काही काळाने छिद्राच्या कडेपासून तडा जातो. खालून ५ किंवा ६ मिलिमीटर जाडीची अ‍ॅल्युमिनिअमची आधारपट्टी द्यावी आणि ती बैठकीपेक्षा सर्व बाजूंनी काही सेंटिमीटर मोठी असावी. लाकूडच वापरायचे असेल, तर तांब्याच्या क्षारांची प्रक्रिया केलेले लाकूड अ‍ॅल्युमिनिअमला लागू देऊ नये, कारण ओलावा मिळताच ते पत्रा खाऊ लागते. बोल्ट स्टेनलेस स्टीलचे, ३१६ प्रतीचे, आणि नट नायलॉनचे कडे असलेले घ्यावेत. बऱ्याच परदेशी मोटरना पाव इंची बोल्ट लागतात. इंदूरच्या सियागंज बाजारात ते मिळतात, मात्र दुकानात मोटरसोबतचा नमुना घेऊन जावे, अन्यथा त्याऐवजी ६ मिलिमीटरचे बोल्ट हाती पडतात आणि ते छिद्रात सैल बसतात. स्टेनलेस आणि अ‍ॅल्युमिनिअम ओलाव्यात एकमेकांना लागून राहिले की अ‍ॅल्युमिनिअम झिजते, म्हणून मध्ये नायलॉनचे वॉशर घालावेत. बैठक दोन्ही बाजूंनी बोल्टने धरलेली असावी, एकाच बाजूचे सर्व बोल्ट लावून भागवू नये.

सुट्या प्लेटविषयी ग्वाल्हेरच्या सभासदांशी मी सहमत आहे, परंतु तिरक्या बैठकीला ती पर्याय ठरत नाही. दिवसअखेर अंधार पडू लागलेला असताना, वारा सुटलेला असताना, मोटर काढण्याइतका वेळ नसतो आणि ती तशीच ठेवून बोट ट्रेलरवर घ्यावी लागते. म्हणून प्लेट तिरकीच बसवावी, आणि मोटर जागेवर असतानाही विंच मोकळी राहील अशी जागा निवडावी. रस्त्यावर मात्र ती काढूनच न्यावी. क्वचित ठेवून न्यावी लागलीच, तर दांड्याला डोक्याजवळ खालून आधार द्यावा आणि वरून पट्टा बांधावा. बैठकीच्या स्वतःच्या खिट्टीवर विसंबू नये.

पाणथळ_इंदूर

तिरकी बैठक, तिच्यावर सुटी प्लेट, खाली ६ मिलिमीटरची आधारपट्टी, आणि १० अंशांपर्यंत चाचणी असे ठरवतो. एक शेवटची शंका: प्लेट आणि ठोकळा मिळून बैठक सुमारे ५ सेंटिमीटर उंच होईल. आमच्या मोटरचा दांडा ४८ इंचांचा आहे आणि नाळेचा पृष्ठभाग पाण्यापासून ६० सेंटिमीटर उंच आहे. तो पुरेल का?

सांवेर_रोड_कार्यशाळा

नाळेवरच्या मोटरसाठी बसवण्याच्या पृष्ठभागापासून पाण्यापर्यंतची उंची घेऊन तिच्यात सुमारे २० इंच, म्हणजे ५० सेंटिमीटर मिळवतात. आपला हिशेब ६०, ५ आणि ५० मिळून ११५ सेंटिमीटर होतो, आणि ४८ इंच म्हणजे सुमारे १२२ सेंटिमीटर. शांत पाण्यात आपला दांडा पुरेल. वाऱ्याने लाटा उठतात तेव्हा आणखी ५ इंच धरण्याची पद्धत आहे, आणि तेवढे धरल्यास सुमारे ६ सेंटिमीटर कमी पडतात. त्या वेळी नाळ उचलली की पंखा पाण्याबाहेर येऊन हवा ओढेल, खडखडाट होईल, आणि पक्षी उडतील ते वेगळेच. ठोकळा टाळून फक्त प्लेट ठेवता आली, तर ही तूट बरीच भरून निघेल. म्हणून चाचणी आधी ठोकळ्याशिवाय करावी आणि विंच मोकळी राहत नसेल तरच तो घालावा. मोजताना तिघे-चौघे, बॅटरी आणि सामान बोटीत नेहमीच्या जागी असू द्यावे, कारण रिकाम्या बोटीची नाळ वेगळ्या उंचीवर तरंगते. बॅटरी मागच्या आसनाखाली असेल, तर नाळ आणखी वर जाईल. ती मधल्या आसनाखाली आणावी. केबल त्यामुळे आखूडही होईल, तरीही जाड तांब्याची, १६ चौरस मिलिमीटरची घ्यावी, आणि मोटर आडवी करताना ती बिजागरात चिमटणार नाही अशा रीतीने कडेला क्लिपने धरून ठेवावी.